शेवटच्या बाकाची गणितं

शिक्षक व्हायचं म्हणून ती शाळेत आली आणि पहिल्याच दिवशी तिला नेऊन शेवटच्या बाकावर बसवलं. बाक चौथीतल्या पोरांच्या मापाचा. पाय जवळ घ्यावेत तर गुडघे वरच्या फळीला आपटायचे, लांब करावेत तर पुढच्याच्या दप्तरात जायचे. तिशी ओलांडलेल्या बाईने तिथे कसं मावायचं, हा प्रश्न कोणालाही पडला नव्हता.

"सहामाहीपर्यंत नुसतं बघायचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्ग चालू असताना तोंड उघडायचं नाही. सहामाहीनंतर मी सांगेन ते शिकवायचं. वर्ष संपताना परीक्षक येतील, त्यांच्यासमोर एक पाठ घ्यायचा. त्यांची सही आणि माझी सही झाली की तुम्ही शिक्षिका. एक जरी राहिली तरी पुन्हा पहिल्यापासून."

शिक्षक तयार करायची ही तऱ्हा त्या शाळेत रुळलेली होती. कॉलेजात बसून जाडजूड पुस्तकं पाठ करायची नाहीत. सुताराच्या हाताखाली सुतार तयार होतो तसं जाणत्या बाईंच्या वर्गात वर्षभर राहायचं, बघायचं आणि मग त्यांच्या देखत करून दाखवायचं. कल्पना चांगलीच होती. पण सुतार निदान रंधा तरी हातात देतो. इथे तिच्या हातात काही नव्हतं आणि तोंडाला कुलूप होतं.

कुलूप घरूनही घातलेलं होतं. तिच्या आईला आपल्या लेकीची जीभ पुरती ठाऊक होती. आधीची नोकरी फर्निचरच्या दुकानातली. गिऱ्हाईकाने विचारलं, कपाट सागाचंच ना? मालक बाजूला उभा असताना ही म्हणाली, "याला सागाचा वारासुद्धा लागलेला नाही." संध्याकाळी घरी. त्याच्या आधीची नोकरीही अशाच एका खरेपणापायी गेली होती.

"खोटं बोल असं मी म्हणत नाही," आई म्हणाली होती. "पण हे एक वर्ष तोंडात मूग धरून बस. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जागा रिकामी होतेय, मुख्याध्यापकांनी शब्द दिलाय. नंतर काय शंख करायचा तो कर."

म्हणून ती मूग धरून बसली. मुलांनी पहिल्या दिवशीच वाटणी करून टाकली: त्या मोठ्या बाई, या छोट्या बाई.

मोठ्या बाईंना शिकवता येत नव्हतं असं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं, आणि वर्ग असा शांत की पेन्सिल पडली तरी दचकायला व्हावं. आई-वडील आपलं मूल त्यांच्याच वर्गात पडावं म्हणून मुख्याध्यापकांच्या दारात खेपा घालायचे. बाईंचा एक नियम मात्र जगावेगळा होता. त्यांच्या वर्गात जागा मार्कांप्रमाणे मिळायची. पहिला नंबर पहिल्या बाकावर, शेवटचा शेवटच्या. दर चाचणीनंतर दप्तरं उचलून सगळ्यांनी आपापल्या लायकीवर जाऊन बसायचं. "पुढची जागा कमवावी लागते," असं बाई म्हणायच्या, आणि पालक माना डोलवायचे. डोलवणाऱ्यांची मुलं पुढे बसत, हे वेगळं सांगायला नको.

तिच्या बाकावर जो मुलगा बसायचा त्याला सगळे भोपळा म्हणत. अंगाने काडी, पण गणितात चाचणीमागून चाचणी भोपळा मिळवायचा म्हणून हे नाव. मोठ्या बाईसुद्धा हजेरी सोडून एरवी त्याला त्याच नावाने हाक मारायच्या, आणि तो ओ द्यायचा. याचाच तिला पहिला राग आला. पण तो छोटा राग होता, गिळता येण्यासारखा.

गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. जेवून मुलं पेंगतात, गणिताने जागी होतात, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. पहिल्या आठवड्यात तिने आपलीही वही काढली, फळ्यावरची गणितं उतरवून घ्यावीत म्हणून मान वर केली, आणि तिला काहीच दिसेना. फळा तेलरंगाचा, काळाभोर, आरशासारखा गुळगुळीत. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्यावर पडायचं आणि शेवटच्या बाकावरून फळ्याच्या जागी नुसतं एक पांढरं ताट दिसायचं. मोत्यासारखं अक्षर त्या ताटात कुठे गेलं, देव जाणे.

तिने शेजारी पाहिलं. भोपळा फळ्याकडे बघतच नव्हता. तो पुढच्या बाकावरच्या मुलीच्या खांद्यावरून तिच्या वहीत बघत होता. ती तिच्या पुढच्याच्या वहीत बघत होती. तो मान वाकडी करून अर्धं फळ्यावरचं आणि अर्धं आणखी पुढच्याचं घेत होता. विहिरीतून बादल्या हातोहात याव्यात तशी गणितं बाकाबाकांवरून मागे येत होती, आणि वाटेत सांडत होती. घाईत काढलेल्या एकच्या आकड्याला मागच्याने जरा जास्त वळण दिलं की त्याचा नऊ व्हायचा. सगळं न बोलता, बाईंची पाठ वळलेली असताना, इतकं सराईतपणे, की हे आज सुरू झालेलं नाही हे आंधळ्यालाही कळावं.

तास संपल्यावर वह्या परत आल्या. भोपळ्याच्या पानावर लाल फुल्याच फुल्या. तिने सहज वही ओढून पहिलं गणित पाहिलं. एकोणपन्नास गुणिले सात, तीनशे त्रेचाळीस. तिने मनात करून बघितलं. बरोबर होतं. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. मग ती पहिल्या बाकावर गेली आणि तिथल्या मुलीची वही बघितली. फळ्यावरचं गणित होतं एक्केचाळीस गुणिले सात.

भोपळ्याचं एकही गणित चुकलेलं नव्हतं. त्याच्यापर्यंत जे पोचलं ते त्याने बिनचूक सोडवलं होतं. ते फळ्यावरचं नव्हतं, इतकाच त्याचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने त्याला गाठलं. तो पायरीवर बसून डबा खात होता.

"तुला फळा दिसत नाही ना?"

"दुपारी नाही दिसत. सकाळी दिसतो."

"मग बाईंना सांगायचं नाही का, बाळा?"

"सांगितलं होतं की," तो घास चावत म्हणाला. "बाईंनी बाबांना बोलावलं. बाबांनी कामावर खाडा करून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे एकदम छान आहेत."

"मग?"

"मग बाई बाबांना म्हणाल्या, डोळे चांगले आहेत म्हणजे डोक्यातच कमी असणार." त्याने डब्याचं झाकण लावलं. "बाबांनी घरी येऊन मारलं. खाडा झाला ना."

हे त्याने कुठलीही तक्रार नसल्यासारखं सांगितलं आणि खेळायला पळाला. ती पायरीवर बसून राहिली. तिच्या कानशिलांतून जाळ निघत होता. पोराला दिसत नव्हतं, पोराने तसं सांगितलं होतं, आणि सांगितल्याबद्दल पोर मार खाऊन गप्प झालं होतं. यापुढे ते कोणाला काही सांगेल कशाला?

तोंडातले मूग त्याच दुपारी सांडले. शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाई एकट्याच होत्या. तिने होईल तितक्या हळू आवाजात सगळं सांगितलं, दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवल्या.

मोठ्या बाईंनी वह्यांकडे बघितलंही नाही. "फळा मी स्वतः उभं राहून रंगवून घेतलाय. चार वर्षं झाली, टवका उडालेला नाही."

"टवका नाहीच उडालेला बाई. चकाकतोय. तुम्ही एकदा दुपारी मागे बसून बघा ना."

"मागे बसायला मी शिकाऊ आहे का?"

"मग निदान त्याला तरी पुढे बसवा."

"पुढची जागा कमवावी लागते."

"पण पुढे बसायला मार्क पाहिजेत, आणि मार्क मिळवायला पुढे बसायला पाहिजे. त्याने करायचं काय?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही इथे शिकायला आला आहात की शिकवायला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्याच्या वहीत बघून उतरवणाऱ्या मुलाची मी आरती करायची का? सहामाहीपर्यंत काय ठरलंय आपलं?"

बघायचं ठरलं होतं. तिने बघितलं. रोज दुपारी गणितं बाकाबाकांवरून सांडत येताना बघितली आणि लाल फुल्या बघितल्या. मागच्या चार वर्षांत शेवटच्या बाकांवरून किती पोरं त्याच इयत्तेत मागे ठेवली गेली, हे तिने शिपाईकाकांना विचारलं. ते म्हणाले, "असतात की दरवर्षी दोन-चार." दरवर्षी दोन-चार. घरी येऊन ती भांडी अशी घासायची की आई म्हणायची, "अगं, त्यांनी काय केलंय तुझं?"

सहामाही झाली आणि तिला शिकवायला मिळालं. आता मोठ्या बाई पुढे टेबलापाशी खुर्चीवर, आणि ही फळ्याशी. पहिल्याच गणिताच्या तासाला तिने फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवलं. तास संपल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "लिहिल्यावर बोलायचं नाही. मुलांना बघून नीट उतरवता आलं पाहिजे. तो अभ्यासाचाच भाग आहे." दुसऱ्या दिवशी तिने पडदा ओढला. तो मोठ्या बाईंनी उठून स्वतः सरकवला; वर्गात उजेड हवा. तिसरी वाट तिने गुपचूप काढली. चाचणीच्या दिवशी तिने गणितं एका कागदावर लिहिली आणि कागद भोपळ्याच्या हातात दिला. उत्तरं नाहीत, नुसती गणितं.

भोपळ्याला दहापैकी दहा पडले.

मोठ्या बाईंनी त्याला उभं केलं. "शेवटच्या बाकावर दहा? कोणाचं बघितलंस?"

"कोणाचं नाही. छोट्या बाईंनी लिहून दिलं."

"उत्तरं लिहून दिली?"

"नाही, गणितं."

वर्ग खदखदून हसला. गणितं तर फळ्यावर होती; ती लिहून कशाला द्यायची, असं पुढच्या बाकांना वाटलं तर त्यांची चूक नव्हती. मोठ्या बाईंनी दहावर काट मारली आणि शून्य लिहिलं. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. बोला, असं ते बघणं होतं. बोला म्हणजे सहीचं काय ते आत्ताच ठरवून टाकते. आणि ती बोलली नाही. तिच्या डोळ्यांसमोर आई आली, रिकामी होणारी जागा आली, आणि जी जीभ मालकासमोर कपाटाची अब्रू काढायची ती टाळूला चिकटून बसली. भोपळा खाली बसला. त्याने वही मिटून दप्तरात घातली. तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, आणि ते फार वाईट झालं.

त्या दिवसापासून राग मोठ्या बाईंवर जितका, तितकाच स्वतःवर. तिला जेवण गोड लागेना.

परीक्षेच्या पाठाची तारीख आली. मोठ्या बाईंनी सल्ला दिला, सकाळचा तास घ्या, कविता घ्या, मुलं छान म्हणतात. विषय आणि वेळ शिकाऊनेच निवडायची असते. तिने निवडली: मधल्या सुट्टीनंतर, गणित.

"मूर्खपणा करताय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझाच पाठ आहे," ती म्हणाली.

परीक्षकांची खुर्ची नेहमी पुढे, टेबलाशेजारी मांडली जायची. मुलांचे चेहरे दिसतात, पंखाही तिथेच आहे. त्या दिवशी सुट्टीत तिने स्वतः दोन खुर्च्या उचलल्या आणि शेवटच्या बाकाला लागून ठेवल्या, एक परीक्षकांना, एक मोठ्या बाईंना. भोपळ्याच्या अगदी कोपराशी. घंटा झाली. परीक्षक साहेब थकलेले, भल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. दाखवलं तिथे बसले. मोठ्या बाईंनी खुर्चीकडे एकदा बघितलं, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि साहेबांच्या देखत काही बोलता येईना म्हणून त्याही बसल्या. वीस वर्षांच्या नोकरीत मागे बसायची बहुधा पहिलीच वेळ.

"आज गंमत आहे," ती मुलांना म्हणाली. "पाहुणेही आपल्याबरोबर गणितं सोडवणार आहेत."

मुलांनी टाळ्या पिटल्या. साहेब हसले, त्यांनी एक कोरा कागद मोठ्या बाईंना दिला, एक स्वतः घेतला. ती फळ्याकडे वळली आणि तिने लिहायला घेतलं. आयुष्यात काढलं नसेल इतकं चांगलं अक्षर काढलं. एकवीस गुणिले चार. एकतीस गुणिले सहा. आणखी तीन. एक शब्द बोलली नाही. लिहिल्यावर बोलायचं नसतं.

मग ती बाजूला होऊन मागे बघत उभी राहिली.

साहेबांनी डोळे बारीक केले. खुर्ची जरा डावीकडे सरकवली, जरा उजवीकडे. मग नाद सोडला आणि कागदावर शेरा लिहायला लागले. मोठ्या बाई ताठ बसल्या होत्या. त्यांनी मान उंच केली. मान खाली केली. चष्मा वर-खाली केला. वर्गातली सगळी डोकी वाकलेली, सगळ्या पेन्सिली चाललेल्या, आणि त्यांचा कागद कोरा. पोरांसमोर कोरा कागद द्यायचा कसा? त्यांची नजर हळूच शेजारी वळली. भोपळ्याच्या वहीत. आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली.

इथेच तिने थांबायला हवं होतं. कोणाही शहाण्या बाईने पाठ संपल्यावर, दार लावून, दोन शब्दांत विषय मिटवला असता. पण तिचा राग वर्षभर दाबलेला होता आणि झाकण उडायची वेळ झाली होती. ती सरळ मागे गेली, मोठ्या बाईंच्या हातातला कागद घेतला आणि भर वर्गात वाचला.

"मोठ्या बाईंनी लिहिलंय, एकोणतीस गुणिले चार, एकशे सोळा. भोपळ्याच्या वहीतही तेच आहे." तिचा आवाज कापत होता. "उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त फळ्यावर एकवीस आहे. बाई, तुमचे डोळे चांगले आहेत ना?"

वर्गात कोणी हसलं नाही. पहिल्या बाकांवरची मुलं मागे वळून बघत होती. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, मग परत आला, आणि परत आला तेव्हा तो वेगळा होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत साहेबांनी आपला शेरा वाचून दाखवला. विषयाची तयारी चांगली. वर्गावर पकड चांगली. फळ्यावरील लेखन मागील बाकांवरून वाचता येत नाही. हा दोष गंभीर आहे. त्यांनी मान वर केली. "मला खरंच काही दिसलं नाही हो. बाई, हा वर्ग तुमचा. तुम्हालाही तसंच वाटलं, की मीच म्हातारा झालोय?"

ती मोठ्या बाईंकडे बघत राहिली. एक वाक्य पुरे होतं. फळा चकाकतो, साहेब. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांच्या मागे चार वर्षांत मागे ठेवलेली पोरं रांगेत उभी होती, आणि भर वर्गात वाचलेला एक कागद होता.

"हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "लेखन अस्पष्टच होतं."

साहेबांनी सही केली नाही. मोठ्या बाईंनीही केली नाही. रिकामी जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. निकालात भोपळाही त्याच इयत्तेत राहिला.

आईला तिने सगळं सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "त्या पोराचं तरी भलं झालं का?"

"नाही."

"मग नुसता जीव मोकळा केलास म्हणायचं." आई रागावली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. ती त्यावर भांडू शकली नाही. सुट्टीभर तिला दुसरी कामं सुचवली गेली. तिने ऐकून घेतली आणि शाळा उघडायच्या दिवशी पुन्हा शाळेतच गेली. नियमाने तिला आणखी एक वर्ष मिळत होतं. त्याच वर्गात, त्याच बाकावर, त्याच बाईंच्या हाताखाली. दारात आई एवढंच म्हणाली, "या खेपेला तरी."

वर्गात पाऊल टाकलं आणि ती थबकली. फळा नवा होता. म्हणजे तोच होता, पण चकाकी घासून काढलेली, वरून काळपट, खरखरीत रंग दिलेला. शिपाईकाका म्हणाले, साहेबांच्या शेऱ्यात मागून वाचता येत नाही असं होतं ना, मुख्याध्यापकांनी सुट्टीत करून घेतलं. साहेबांचा शेरा होता म्हणून झालं. पोराने सांगितलं, तिने सांगितलं, तेव्हा ते डोक्यातलं कमी होतं. मोठ्या बाई नव्या वर्गाला सांगत होत्या, "बघा, तुमच्यासाठी फळा किती छान करून घेतलाय." फळ्याचं भलं झालं होतं. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. भोपळा तिथे आधीच बसला होता. मागे राहिलेल्याची जागा ठरलेलीच असते.

"आलीस होय," तो कुजबुजला, आणि लगेच दुरुस्त केलं, "आलात होय, बाई."

"आले. तू आणि मी, दोघंही नापास."

तो हसला. चाचणीच्या दिवसाचं त्याने मनात ठेवलं नव्हतं, किंवा ठेवलं असेल तरी दाखवलं नाही.

पहिली चाचणी गणिताची, मधल्या सुट्टीनंतर. खिडकीतून ऊन आलं, फळ्यावर पडलं आणि फळ्यातच विरून गेलं. भोपळ्याने मान वर करून बघितलं, खाली करून लिहिलं, पुन्हा वर. पुढच्या मुलीच्या खांद्यावरून वाकायची त्याच्या मानेची सवय दोनदा जागी झाली आणि दोनदा त्याने ती आवरली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी वह्या वाटल्या. भोपळ्याची वही त्यांनी हातातच ठेवली. "ऊठ रे. दहापैकी दहा." त्यांचा आवाज खरोखरच आनंदाचा होता, हे कबूल केलं पाहिजे. "बघा मुलांनो. याला गेल्या वर्षी काही म्हणजे काही येत नव्हतं. एक वर्ष मागे ठेवलं आणि पोरगं कसं सुधारलं बघा. म्हणून मी म्हणते, मागे राहणं वाईट नसतं. टाळ्या वाजवा याच्यासाठी."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. भोपळा उभा होता, कानांपर्यंत लाल झालेला. टाळ्या कशाच्या आहेत ते त्याला नक्की कळत होतं.

सहामाहीपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं. या वर्षीची सहीही त्याच हातात होती. दारातली आई डोळ्यांसमोर उभी होती. हे सगळं तिला दिसत होतं, लख्ख दिसत होतं. या वेळी हातात कोणाचा कागद नव्हता आणि आवाज कापत नव्हता. ती उठली. गुडघा फळीला आपटला तसा बाक वाजला आणि सगळा वर्ग मागे वळला.

"त्याला गेल्या वर्षीही येत होतं, बाई," ती म्हणाली.

"खाली बसा."

"दहापैकी दहा येत होतं."

"मी म्हटलं, खाली बसा." मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं. त्या भोपळ्याकडे वळल्या आणि आवाज मऊ केला. "चल बाळा, दप्तर घे. पहिल्या बाकावर ये. जागा कमावलीस तू."

भोपळ्याने दप्तराला हात लावला नाही. त्याने एकदा फळ्याकडे बघितलं, शेवटच्या बाकापासून फळ्यापर्यंत, सरळ.

"नको बाई," तो म्हणाला. "आता इथून दिसतं."

मोठ्या बाईंच्या हातात खडू होता. पुढचं गणित लिहायला त्या फळ्याकडे वळल्या, पण हात काही वर गेला नाही. शेवटच्या बाकावर दोघंही उभी होती. बसा म्हणून त्यांना कोणी पुन्हा सांगितलं नाही.